पोलिसांच्या हातून सुटलेला माणूस कोणाच्या हाती जातो?

प्रश्न असा आला आहे: "आमच्या वस्तीत नशा करणाऱ्यांचा आणि माल विकणाऱ्यांचा त्रास वाढलाय. दर बैठकीत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, पोलीस वाढवा, दिसेल त्याला आत टाका. दुसरा म्हणतो, व्यसन हा आजार आहे, पोलिसांना यात आणूच नका, त्यांच्यावरचा खर्च उपचारांकडे वळवा. तुम्ही इतकी वर्षं या कामात आहात. कोणाचं बरोबर?"

मी २६ वर्षं व्यसनमुक्तीचं समुपदेशन करते. त्यातली शेवटची ११ वर्षं पोलिसांच्या प्रशिक्षणवर्गांतही शिकवते आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंचं बोलणं ते एकटे असताना ऐकलेलं आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. कडक की सौम्य, हा वाद तुम्ही फार लवकर सुरू केलाय. त्याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा: पोलिसांनी एखाद्याला धरलं, किंवा धरून सोडलं, तर पुढच्या दोन-तीन दिवसांत त्याच्यासमोर कोण उभं राहतं? तिथे कोणीच नसेल, तर कडक कायदाही वाया जातो आणि सौम्य कायदाही.

एक बैठक सांगते. अशा बैठका मी शेकड्यांनी घेतल्या असतील, पण ही विसरत नाही. एक निवृत्त गृहस्थ वही घेऊन आले होते. शाळकरी, चौकटी आखलेली वही. तिच्यात चार महिन्यांच्या नोंदी: तारीख, वेळ, काय दिसलं. पोलिसांनी काही केलं नाही म्हणून ते संतापले होते, आणि त्यांचा संताप खरा होता. त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून एक बाई बसल्या होत्या. त्यांचा मुलगा त्याच वहीत होता, नावानिशी नाही, पण "लाल शर्टवाला गर्दुल्ला" म्हणून तीनदा. बाईंना ते कळत होतं. त्या तासभर काहीच बोलल्या नाहीत. शेवटी एवढंच म्हणाल्या, "मी दोनदा फोन उचलून खाली ठेवला. पोलीस आले तर त्याला नेतील, नाही आले तर तो मरेल. कोणाला बोलवू ते सांगा."

त्या बैठकीत मी सगळ्यांना वही मोठ्याने वाचायला लावली. साठ-पासष्ट नोंदी होत्या. वाचता वाचता दिसायला लागलं की पन्नासेक नोंदी एकाच कोपऱ्यातल्या आहेत, संध्याकाळी सात ते नऊ या वेळातल्या. तिथला दिवा दोन महिने बंद होता. आणि बहुतेक नोंदींमध्ये त्रास कसला होता? आरडाओरडा, मुलींना त्या बाजूने जाता येत नाही, जिन्यात सुया पडलेल्या. म्हणजे भीती एका कोपऱ्याची होती. दीड तास आम्ही भांडत होतो ते सगळ्या गावच्या कायद्याबद्दल.

हे त्या एका वस्तीपुरतं नाही. अमेरिकेत मिनिॲपोलिस शहरातल्या पोलिसांना आलेल्या फोनचा १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. शहरातल्या जेमतेम ३ टक्के पत्त्यांवरून निम्मे फोन आले होते. त्याच्याही आधी, १९७२-७३ मध्ये, कॅन्सस सिटीत काही भागांत गस्त दुप्पट-तिप्पट केली, काही भागांत नेहमीची ठेवली, काही भागांत बंदच केली. गुन्ह्यांत आणि लोकांच्या भीतीत म्हणावा असा फरक पडला नाही. "पोलीस वाढवा" म्हणणाऱ्यांना मी हे दोन्ही एकत्र सांगते. सरसकट फिरणाऱ्या गाड्यांनी फार काही होत नाही. नेमक्या जागी, नेमक्या वेळी, ओळखीचा पोलीस उभा राहिला तर होतं.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येते, कारण माझ्या दृष्टीने सगळं धोरण तिथे तपासलं जातं. हेरॉइन, फेंटानिल यांसारख्या अफूच्या जातीच्या नशेचा डोस जास्त झाला की श्वास मंदावतो. ओठ निळसर पडतात, घशातून घरघर येते, हाक मारली तरी माणूस उठत नाही. नालोक्सोन नावाचं औषध आहे. नाकात फवारता येतं, दोन-चार मिनिटांत श्वास परत येतो. पण त्याचा असर साधारण अर्ध्या ते दीड तासात उतरतो, आणि नशा शरीरात त्याहून जास्त वेळ टिकली तर माणूस पुन्हा खाली जातो. म्हणून फवारा मारून भागत नाही, वैद्यकीय मदत बोलवावीच लागते. आणि नेमका तोच फोन लोक करत नाहीत. शेजारी पडलेल्या मित्राच्या खिशात पुडी असते, आपल्याही खिशात असते, मग मित्राला दारात सोडून पळून जातात. मी अशा पळून गेलेल्या मुलांचं समुपदेशन केलं आहे. ते ओझं पुढे नशेपेक्षा जड होतं.

यावर कायद्यात उपाय आहे आणि तो अवघड नाही. जीव वाचवायला फोन करणाऱ्यावर, आणि ज्याच्यासाठी फोन केला त्याच्यावर, जवळ बाळगल्याचा गुन्हा लावायचा नाही. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याने २००७ मध्ये असा कायदा केला, नंतर तिथल्या बहुतेक राज्यांनी केला. पण कायदा पुस्तकात असणं वेगळं आणि रात्री दोनला दारात आलेल्या पोलिसाला तो माहीत असणं वेगळं. प्रशिक्षणात मी पहिला प्रश्न हाच विचारते: "तुम्ही पोचलात, एकजण बेशुद्ध, दुसरा घाबरून उभा, टेबलावर पुडी. पहिलं काय कराल?" पहिल्या वर्षी बहुतेकांनी सांगितलं, पुडी ताब्यात घेऊ. वाईट माणसं नव्हती ती. त्यांना तसंच शिकवलं होतं, आणि त्यांचं मोजमापही त्यावरच होत होतं.

मोजमापाचा हा मुद्दा पोलीस सुधारणांच्या चर्चेत फार कमी येतो. चर्चा गणवेशावरच्या कॅमेऱ्यांची होते, बजेटची होते. पण महिन्याकाठी किती अटका केल्या यावर जर एखाद्याचं काम जोखलं जात असेल, तर तो काय करणार? विकणारा शोधायला सहा महिने लागतात, खबरी सांभाळावे लागतात, कोर्टात टिकेल असा पुरावा उभा करावा लागतो. खिशात एक पुडी असलेला पोरगा मात्र पाच मिनिटांत मिळतो, तोही रोज त्याच कोपऱ्यावर. आकडा दोघांचा सारखाच, एक अटक. मग सगळी यंत्रणा आपोआप गिऱ्हाइकावर घसरते आणि दुकान चालूच राहतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. एका अधिकाऱ्याने मला वर्ग संपल्यावर बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मॅडम, मी एकाच मुलाला नऊ वेळा धरलंय. माझ्या कागदावर त्या नऊ केसेस आहेत." त्यांच्या आवाजात थकवा होता. म्हणून मी म्हणते, सुधारणा करायची तर आधी हे बदला: कोपऱ्यावरच्या तक्रारी घटल्या का, किती जण उपचारांपर्यंत पोचले, लोक आपणहून फोन करायला लागले का, हे मोजा.

"पोलिसांना आणूच नका" म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही, आणि त्याचं कारण मी स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरावरून सांगते. १९८०च्या दशकाच्या शेवटी झुरिकच्या मुख्य रेल्वे स्थानकाजवळच्या प्लाट्झश्पिट्झ उद्यानात उघड्यावर हेरॉइनचा बाजार भरायचा. रोज शेकडो माणसं तिथे सुया टोचून घेत. १९९२ मध्ये उद्यान बंद केलं, कुलपं लावली. माणसं कुठे जाणार? थोड्याच अंतरावर लेटन नावाचं वापरात नसलेलं स्थानक होतं, तिथे नदीकाठी तोच बाजार उभा राहिला, आणि परिस्थिती आणखी बिघडली. १९९५ मध्ये लेटनही बंद केलं, आणि या वेळी तो बाजार पुन्हा तसा भरला नाही. मधल्या तीन वर्षांत मेथाडोनवरचे उपचार वाढले होते (मेथाडोन म्हणजे हेरॉइनऐवजी ठरलेल्या मात्रेत देतात ते औषध), रात्रनिवारे उघडले होते, आणि १९९४ पासून अतिशय जुन्या रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली हेरॉइनच औषध म्हणून द्यायला सुरुवात झाली होती. पोलीस दोन्ही वेळा होते. दुसऱ्या वेळी ते म्हणू शकत होते, "इथे बसता येणार नाही, पण त्या दारात जा, तिथे जागा आहे." पोलिसांच्या तोंडचं ते अर्धं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे २००८ मध्ये स्विस मतदारांनी ६८ टक्के मतांनी हे धोरण कायद्यात पक्कं केलं. त्यात प्रतिबंध, उपचार, नशेने होणारी हानी कमी करणं आणि कायद्याचा बडगा असे चारही खांब आहेत. बडगा काढून टाकलेला नाही.

पोर्तुगालचं नाव तुमच्या बैठकीत नक्की निघेल, अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याचंही निघेल. एक तट पहिलं सांगेल, दुसरा दुसरं. दोन्ही नीट ऐका.

पोर्तुगालमध्ये जुलै २००१ पासून स्वतःपुरती नशा जवळ बाळगणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. २०२३ पर्यंत मर्यादा अशी होती: सरासरी दहा दिवस पुरेल एवढी, त्याहून जास्त सापडली तर गुन्हा. विकणं तर गुन्हाच आहे, आजही. पण लोक पुढचं सांगत नाहीत. पोलीस अजूनही माणसाला अडवतात, माल जप्त करतात आणि त्याला तीन जणांच्या समितीसमोर पाठवतात, तेही ७२ तासांच्या आत. समितीत कायद्याचा जाणकार असतो, आरोग्य किंवा समाजकार्यातली माणसं असतात. कोर्टासारखं वातावरण नसतं, टेबलाभोवती बसून बोलतात. हा व्यसनी आहे की कधीमधी करणारा, घरी कोण आहे, नोकरी आहे का, हे विचारतात. उपचारांची सक्ती करता येत नाही, पण उपचारांची तारीख तिथल्या तिथे मिळते. आणि त्याच काळात देशाने उपचारकेंद्रं, मेथाडोन, सुया बदलून देणं यांवर भरपूर पैसा घातला. सुयांमधून होणारी एचआयव्हीची नवी लागण वर्षाला हजाराच्या वर होती, ती दशकभरात शंभराच्या आत आली. आर्थिक संकटानंतर, २०१२ मध्ये, ही व्यवस्था चालवणारी स्वतंत्र संस्था मोडून उपचारांचं काम प्रादेशिक आरोग्य यंत्रणांकडे वाटून दिलं. अलीकडच्या काही वर्षांत पोर्तोसारख्या शहरांत उघड्यावरच्या नशेच्या तक्रारी पुन्हा वाढल्या. कायदा तोच होता, त्यामागचे हात कमी झाले होते.

ओरेगॉनच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२० मध्ये साधारण ५८ टक्के मतांनी असाच बदल केला आणि तो फेब्रुवारी २०२१ पासून लागू झाला. इथे समिती नव्हती. पोलिसाने १०० डॉलरची पावती फाडायची, आणि दिलेल्या नंबरवर फोन करून तपासणी करून घेतली तर दंड माफ. नशेत असलेल्या, फूटपाथवर झोपणाऱ्या माणसाने खिशातली पावती काढून फोन करावा, ही अपेक्षा ज्यांनी टर्की लागलेला माणूस जवळून पाहिला आहे ते करणार नाहीत. टर्की म्हणजे नशा सुटल्यावरची ती तडफड: पाय झाडणं, उलट्या, हाडं ठेचल्यासारखं दुखणं. त्या अवस्थेत माणसाला पुढची पुडी सोडून काही दिसत नाही. फोन फारच थोड्यांनी केले. बहुतेकांनी दंडही भरला नाही. उपचारांसाठीचा बराचसा निधी केंद्रांपर्यंत पोचायला वर्षाहून अधिक काळ गेला, आणि नेमका त्याच काळात फेंटानिल तिथे पसरलं. फेंटानिलचा शिरकाव हिशेबात धरून २०२४ मध्ये झालेल्या अभ्यासात वाढलेल्या मृत्यूंचा दोष कायद्यावर टाकता आला नाही. पण रस्त्यावर जे दिसत होतं ते लोकांना सहन होईना. १ सप्टेंबर २०२४ पासून नशा जवळ बाळगणं तिथे पुन्हा गुन्हा झालं.

या दोन गोष्टींवरून सौम्य धोरण चालतं किंवा चालत नाही, असा निष्कर्ष काढणाऱ्यांना मी थांबवते. एकीकडे पोलिसाच्या हातून सुटलेल्या माणसाला तीन दिवसांत तीन माणसं भेटत होती. दुसरीकडे त्याला कागद मिळत होता.

कडक बाजूचंही असंच. तुरुंग हा उपचार आहे असं मानणाऱ्यांना मी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला अभ्यास सांगते. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तुरुंगातून सुटलेल्यांचा पहिल्या दोन आठवड्यांत डोस जास्त होऊन मरण्याचा धोका सर्वसामान्य लोकांच्या १२९ पट निघाला. आत असताना नशा मिळत नाही किंवा कमी मिळते, शरीराची सवय मोडते. बाहेर आल्यावर माणूस जुन्याच अंदाजाने घेतो आणि तेवढं आता झेपत नाही. मी ज्यांच्या अंत्ययात्रेला गेले त्यांतले कितीतरी जण सुटून आठवडाही झाला नव्हता. घरच्यांनी त्यांच्यासाठी आवडीचं जेवण केलेलं असतं. तुरुंगाच्या दारातच नालोक्सोन आणि दुसऱ्या दिवशीच्या उपचाराची वेळ एवढं जरी हातात दिलं तरी जीव वाचतात. आत असतानाच मेथाडोन किंवा त्याच कामाचं ब्युप्रेनॉर्फिन सुरू केलं तर आणखी वाचतात. "कडक कारवाई हवी" म्हणणाऱ्यांनी ही मागणी सर्वांत मोठ्याने करायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

मग पोलिसांच्या ऐवजी दुसरं कोणी पाठवायचं का? काही फोनना, हो. ओरेगॉनमधल्याच युजीन शहरात १९८९ पासून कहूट्स नावाची व्यवस्था होती. मानसिक अस्वस्थता, नशा, बेघरपणा अशा फोनना दोघांची जोडी जायची, एक वैद्यकीय मदतनीस आणि एक समुपदेशक, हत्याराशिवाय. गरज पडली तर पोलिसांना बोलवायचे, आणि तशी गरज फार थोड्या वेळा पडायची. तीन दशकांहून जास्त काळ ते चाललं, मग पैशांअभावी एप्रिल २०२५ मध्ये युजीनमधली सेवा थांबली. एवढ्या नावाजलेल्या कामाचा निधी दर वर्षी नव्याने मागावा लागतो आणि गस्तीच्या गाड्यांचा मागावा लागत नाही, हे मला अन्याय्य वाटतं. पण चाकू घेऊन उभ्या असलेल्या माणसासमोर मी माझ्या सहकाऱ्यांना एकटं पाठवणार नाही. तिथे पोलीस हवेत, आणि बोलणं लांबवायला शिकलेले हवेत.

पोलिसांवर विश्वास बसायचा तर तक्रार कुठे करायची हेही पक्कं हवं. उत्तर आयर्लंडमध्ये समाजाच्या एका मोठ्या भागाला, कॅथलिकांना, पोलीस आपले वाटतच नव्हते. १९९९ च्या पॅटन आयोगाने १७५ शिफारशी केल्या. २००१ मध्ये नव्या नावाचं दल आलं, भरतीत दहा वर्षं निम्म्या जागा कॅथलिकांना ठेवल्या, देखरेखीला स्वतंत्र मंडळ बसलं आणि तक्रारींसाठी पोलिसांच्या बाहेरचा लोकपाल नेमला गेला. कॅथलिकांचं प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास होतं, ते ३० टक्क्यांच्या जवळ गेलं. दशकभर चिकाटीने केलं तेव्हा झालं. एका बैठकीत ठराव करून विश्वास येत नाही.

एक सावधगिरीही सांगते. हिंसा, नशा आणि भीती या एकच गोष्टी समजू नका. ग्लासगोच्या पोलिसांनी २००५ मध्ये हिंसेकडे साथीच्या रोगासारखं पाहणारा विभाग काढला, टोळ्यांतल्या मुलांना सरळ समोर बसवून सांगितलं: हिंसा चालू ठेवलीत तर सगळे मिळून मागे लागू, सोडलीत तर काम, शिक्षण, उपचार मिळवून देऊ. स्कॉटलंडमधले खून पुढच्या दशकात निम्म्याच्या आसपास आले. त्याच स्कॉटलंडमध्ये नशेमुळे होणारे मृत्यू मात्र वाढत गेले आणि २०२० मध्ये १,३३९ वर पोचले. एका दुखण्याचं औषध दुसऱ्याला आपोआप लागू पडलं नाही. म्हणून तुमच्या वस्तीत नेमकं काय कमी व्हायला हवं आहे, हे आधी ठरवा. रात्रीची भीती? मृत्यू? शाळेजवळची विक्री? तिघांची उत्तरं निराळी आहेत.

पुढच्या बैठकीसाठी माझी सूचना अशी. धोरणावर बोलायला बंदी घाला, पहिला तासभर तरी. प्रत्येकाने गेल्या महिन्यात स्वतः पाहिलेली एक घटना सांगायची: कुठे, किती वाजता, कोणाला त्रास झाला. फळ्यावर लिहा. मग प्रत्येक घटनेपुढे दोन रकाने: "त्या वेळी कोणाला बोलावलं असतं?" आणि "तो गेल्यावर पुढे कोण?" दुसरा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा राहील. तो रिकामा रकाना दोन्ही तटांना एकत्र बसवतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. बैठकीला त्या भागातला पोलीस येऊ द्या, पण तोच पोलीस दर महिन्याला येईल असं वरच्या अधिकाऱ्याकडून कबूल करून घ्या. नवा चेहरा आला की सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. आणि नशा करणाऱ्यांपैकी किंवा त्यातून बाहेर आलेल्यांपैकी किमान दोघांना बसवा. गर्दुल्ला हा शब्द त्या खोलीत वापरू नका. ज्याला आपण त्या नावाने हाक मारतो तो उपचारांच्या दारापर्यंत येत नाही, आणि त्याची आई तुमच्या बैठकीत तोंड उघडत नाही.

त्या वहीचं पुढे काय झालं तेही सांगते. दिवा तीन आठवड्यांत लागला. सात ते नऊ एक ठरलेला पोलीस त्या कोपऱ्यावर उभा राहू लागला. त्याच्या खिशात आमच्या केंद्राची चिठ्ठी असायची. सगळ्यांत अवघड गेलं ते आमचंच केंद्र बदलणं. आमची वेळ सकाळी दहा ते पाच होती. टर्की लागलेला माणूस संध्याकाळी सातला "चला, जाऊ" म्हणाला तर दार बंद! सहकाऱ्यांशी दोन महिने वाद घालून आम्ही संध्याकाळची पाळी सुरू केली. विकणारे दोघे पुढे धरले गेले, एकजण दुसरीकडे गेला. लाल शर्टवाला मुलगा आमच्याकडे चार वेळा आला, तीन वेळा निघून गेला, चौथ्यांदा मेथाडोनवर टिकला. सध्या टिकून आहे. वहीवाले गृहस्थ आजही नोंदी ठेवतात, फक्त आता त्यात एक नवा रकाना आहे, "कोणाला कळवलं". त्यांच्या अक्षरात त्यापुढे बऱ्याचदा त्या मुलाच्या आईचं नाव असतं.

तुमच्या भागातलं उपचारकेंद्र किती ते किती उघडं असतं, हे बैठकीआधी स्वतः जाऊन पाहून या. फोनवर विचारू नका, संध्याकाळी सातला दार वाजवून पाहा.